पोळीच्या कणकेचा खल्ला: वीट का होते, पाव कसा होतो

ज्या कणकेची पोळी तव्यावर टम्म फुगते, तीच कणीक मैद्याच्या पावाच्या कृतीत मापाला माप घातली की पाव विटेसारखा बसतो. वरून कडक, आतून ओलसर, कापला की सुरीला चिकटणारा. मग घरातलं कुणीतरी सांगतं, "कणकेचा पाव होतच नाही, त्याला मैदाच लागतो." हे खरं नाही. कणकेचा पाव उत्तम होतो, फक्त तिच्या दोन गरजा मैद्याच्या कृतीत लिहिलेल्या नसतात: जास्त पाणी, आणि ते पाणी मुरायला वेळ. हाही वेळ यीस्ट घालण्याच्या आधीचा.

हे समजून घ्यायला खल्ला हा पाव चांगला आहे. त्यात अंडी, तेल, मध आहेत, वर तो वेणीसारखा गुंफायचा असतो. त्यामुळे कणकेच्या सगळ्या खोडी यात एकदम समोर येतात. खल्ला जमला की लादीपाव, बन, साधा ब्रेड यांची भीती उरत नाही.

(इथे 'कणीक' म्हणजे कोरडं गव्हाचं पीठ. मळल्यावर जे होतं त्याला 'गोळा' म्हटलं आहे.)

खल्ला म्हणजे काय

खल्ला हा ज्यू लोकांच्या शब्बाथचा पाव. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. इंग्रजी स्पेलिंगमुळे बरेच जण 'चल्ला' वाचतात. हिब्रू उच्चार घशातून येणाऱ्या 'ख'चा आहे. हा शब्द मुळात पावाचा नव्हेच. पीठ मळल्यावर त्यातला एक लहान भाग वेगळा काढून पुरोहितांना द्यावा, अशी आज्ञा बायबलच्या गणना या पुस्तकात, १५व्या अध्यायात आहे. त्या काढून ठेवलेल्या भागाला खल्ला म्हणत. आजही मोठ्या प्रमाणात, साधारण सव्वा किलोच्या पुढे पीठ मळलं, तर लिंबाहून लहान असा एक गोळा बाजूला काढून जाळून टाकतात. खालच्या कृतीत पीठ अर्धा किलोच आहे, त्याला हा नियम लागू होत नाही.

शब्बाथच्या जेवणाला ताटात एक नाही, दोन पाव ठेवतात. इजिप्तमधून बाहेर पडलेल्या लोकांना वाळवंटात रोज 'मान्ना' हे अन्न मिळे आणि शुक्रवारी दुप्पट मिळे, म्हणजे शनिवारी गोळा करायला लागू नये. त्याची ही आठवण. पावांवर कापड झाकतात, तेही मान्नावर पडणाऱ्या दवाची खूण म्हणून. म्हणूनच खालची कृती दोन पावांची आहे.

अंडी घातलेला, वेणी घातलेला पाव ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची पद्धत. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची ती पिढीजात नव्हे. हे लोक मराठी बोलणारे. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. पण एका बाबतीत त्यांचं स्वयंपाकघर आणि युरोपातलं ज्यू स्वयंपाकघर एकच बोलतं. ज्यू नियमात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. म्हणून बेने इस्रायली घरात गोडाला नारळाचं दूध येतं, आणि खल्ल्यात लोण्याऐवजी तेल. कृतीत तेलाच्या जागी लोणी किंवा तूप घालायचा मोह झाला तर हे लक्षात ठेवा. लोण्याने पाव छान होईल, पण मग तो शब्बाथच्या मटणाबरोबर खाता येणारा खल्ला राहणार नाही.

पोळी फुगते, मग पाव का बसतो?

दोन्ही फुगण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फुलका वाफेने फुगतो. तव्यावर, मग आचेवर, काही सेकंदांत आतल्या पाण्याची वाफ होते, दोन थर वेगळे होतात, आणि लगेच तो खाली उतरतो. त्याला हवा धरून ठेवायची नसते. पावाला दोन-अडीच तास हवा धरून ठेवायची असते, तीही हजारो बारीक बुडबुड्यांत.

ती धरून ठेवणारी वस्तू म्हणजे ग्लुटेन. गव्हातली दोन प्रथिनं पाण्यात भिजली आणि मळली गेली की एकमेकांत गुंतून रबरासारखं जाळं तयार होतं, त्याचं हे नाव. डोळ्यांनी बघायचं असेल तर मळलेल्या कणकेची एक लिंबाएवढी गोळी वाहत्या पाण्याखाली हळूहळू चुरत राहा. पांढरं पाणी निघून जाईल. कुरडयांसाठी गहू भिजवून जो चीक काढतात, तोच हा, म्हणजे स्टार्च. हातात जी चिवट, ताणली जाणारी वस्तू उरेल, ती ग्लुटेन. पुरणपोळीची कणीक तेल लावत खूप वेळ तिंबतात ती याच जाळ्यासाठी. त्याच्या जोरावरच पारीपेक्षा दुप्पट पुरण पोटात घेऊन पोळी न फाटता लाटली जाते.

कोंडा नेमकं काय करतो

मैद्यात गव्हाचा फक्त आतला पांढरा भाग असतो. कणकेत बाहेरचा कोंडा आणि अंकुर दोन्ही येतात. कोंडा तीन त्रास देतो.

एक, त्याचे कण कडक आणि टोकदार असतात. ग्लुटेनचं जाळं ताणलं जाताना हे कण त्याला भोकं पाडतात. फुग्यात हवेबरोबर जाड वाळू भरल्यासारखं. दोन, कोंडा पाणी खूप पितो, पण हळूहळू पितो. पीठ मळताना तुम्हाला गोळा ठीक वाटतो, मग तासाभरात कोंडा आजूबाजूचं पाणी ओढून घेतो आणि गोळा घट्ट होतो. घट्ट गोळा फुगत नाही. कणकेचे बहुतेक पाव याच कारणाने बसतात, आणि करणारा मात्र यीस्टला दोष देत राहतो. तीन, कोंड्याला किंचित कडवट चव असते.

पहिल्या दोन त्रासांवर उपाय एकच: भिजवणं. भिजलेला कोंडा मऊ पडतो, त्याची टोकं बोथट होतात, आणि त्याची तहान आधीच भागलेली असते. पोळीची कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवण्यामागे हेच आहे. पावात मात्र हे भिजवणं यीस्ट घालायच्या आधी व्हायला हवं. नाहीतर कोंडा मुरायची वाट बघताना यीस्ट आपलं काम उरकून मोकळं होतं.

चक्कीच्या पिठाचा एक वेगळा गुण

परदेशी कृतींमधलं 'होल व्हीट' पीठ आणि आपली चक्कीची कणीक दोन्हीत कोंडा असला तरी पाण्याच्या बाबतीत त्या सारख्या नाहीत. जात्याच्या किंवा चक्कीच्या दगडांत गहू दाबला, घासला, तापवला जातो. त्यात स्टार्चचे बारीक कण ठेचले जातात, आणि ठेचलेला कण धडक्या कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतो. पोळी मऊ राहते ती यामुळे, म्हणून पोळीसाठी हा गुणच आहे.

पावात याचे दोन परिणाम होतात. पाणी जास्त लागतं, हे उघडच. दुसरा परिणाम कमी जणांना माहीत असतो. पिठातली एन्झाइम्स, म्हणजे पदार्थ तोडणारी प्रथिनं, ठेचलेल्या स्टार्चची साखर करत जातात, आणि त्यानं धरलेलं पाणी सुटतं. गोळा फार वेळ उबेत ठेवला तर तो सैल, चिकट होतो आणि पावाचा गर गिचका राहतो. म्हणून कणकेला यीस्ट घालण्याआधी भरपूर वेळ द्यायचा, यीस्ट घातल्यावर मात्र रेंगाळायचं नाही.

गहू कुठला? लोकवन किंवा सिहोर चांगला. गिरणीतून आणलेलं पीठ गरम असतं, ते पसरून पूर्ण थंड होऊ द्या, दुसऱ्या दिवशी वापरा. फार साठवूही नका. अंकुरातलं तेल उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत खवट होऊ लागतं, आणि खवटपणा पावात पोळीपेक्षा ठळक लागतो. गिरणीवाल्याला बारीक दळायला सांगा. जाडसर दळलेल्या पिठात कोंड्याचे तुकडे मोठे राहतात.

साहित्य, दोन पावांसाठी

कणीक ५०० ग्रॅम. पाणी २२० ग्रॅम, शिवाय ३० ग्रॅम वेगळं ठेवलेलं. अंडी २ आणि वर एका अंड्याचा बलक (मिळून साधारण ११० ग्रॅम). उरलेला पांढरा भाग टाकू नका. मध ५० ग्रॅम, म्हणजे अडीच मोठे चमचे. वास नसलेलं तेल ६० ग्रॅम. मीठ ९ ग्रॅम, दीड छोटा चमचा. इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, दोन सपाट छोटे चमचे. स्वयंपाकघर ३० अंशांच्या वर असेल तर ४ ग्रॅमच. वरून लावायला तीळ किंवा खसखस.

वजनकाटा घ्याच. कणकेची एक वाटी दाबून भरली की मोकळी भरली यात सहज २०-२५ ग्रॅमचा फरक पडतो, आणि चार वाट्यांत तो १०० ग्रॅमपर्यंत जातो. इतक्या फरकात कुठलीच कृती टिकत नाही.

अंडी एकेक करून वाटीत फोडा. ज्यू घरांत रक्ताचा ठिपका असलेलं अंडं वापरत नाहीत, म्हणून ती आधी तपासतात. खराब अंडं सगळ्या पिठात जाऊ नये यासाठीही ही सवय चांगली.

मध जास्त घातला तर पाव अधिक मऊ होईल असं वाटतं. थोडा होतोही, पण एका मर्यादेपर्यंत. लोणच्यात मीठ जसं कैरीच्या फोडींतलं पाणी ओढून घेतं, तशी साखर यीस्टच्या पेशींतलं पाणी ओढते. पिठाच्या दहा टक्क्यांच्या पुढे गोड गेलं की यीस्ट मंदावतं. पन्नास ग्रॅम म्हणजे बरोबर दहा टक्के. मधाऐवजी तेवढाच गूळ वेगळ्या ठेवलेल्या पाण्यात विरघळवून, गाळून चालेल. पाव थोडा काळसर होईल.

भिजवणं आणि मळणं

कणीक, २२० ग्रॅम पाणी, अंडी आणि बलक एकत्र करा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, मळू नका. झाकून ४५ मिनिटं ठेवा. उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा, कारण कच्चं अंडं आहे आणि गोळा गार राहणं पुढेही उपयोगी पडतं.

कोंडा जाडसर असेल तर आणखी एक युक्ती करता येते. पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून वर राहिलेला कोंडा वेगळा काढा. २२० ग्रॅमपैकी ८० ग्रॅम पाणी उकळून त्यावर ओता, गार होऊ द्या, आणि मग उरलेल्या पिठात घाला. कोंडा काही फुकट जात नाही, पण त्याची धार जाते. वेळ असेल तर हे करण्यासारखं आहे, पावाचा पोत लक्षात येईल इतका सुधारतो.

आता यीस्ट वेगळ्या ठेवलेल्या पाण्यातल्या दोन चमच्यांत कालवा आणि मधाबरोबर गोळ्यावर घाला. मीठ भुरभुरा. आठ मिनिटं मळा. पाच मिनिटं झाकून ठेवा. मग तेल चमच्या-चमच्याने घालत आणखी पाच-सहा मिनिटं मळा. तेल शेवटी का? ते प्रथिनांवर थर धरतं, आणि जाळं तयार व्हायच्या आधी घातलं तर प्रथिनं एकमेकांत गुंतायला अडचण येते. पहिल्या एक-दोन चमच्यांना गोळा फुटल्यासारखा, घसरडा वाटेल. घाबरून पीठ घालू नका, तो परत एकजीव होतो.

गोळा किती सैल हवा, हे मराठी हाताला सांगणं सोपं आहे: पोळीच्या कणकेपेक्षा सैल, पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. बोटाला थोडा चिकटावा, पण उचलला तर बोट मोकळं सुटावं. पुरेसा सैल वाटत नसेल तर उरलेलं पाणी आता शिंपडा. घट्ट गोळ्याची वेणी दिसायला रेखीव होते म्हणून पाणी कमी करायचा मोह होतो. ती रेखीव वीट होते.

मळणं पुरलं का, हे पाहायला एक तुकडा दोन्ही हातांनी हळू ताणा. मैद्याचा गोळा आरपार दिसेल इतका पातळ पडदा देतो. कणकेकडून तेवढी अपेक्षा नको. पडदा थोडा जाड असेल, त्यात कोंड्याचे ठिपके दिसतील. तो फाटण्याआधी ताणला गेला, तर पुरे.

किती फुगू द्यायचं

'दुप्पट होईपर्यंत' हे मैद्याचं माप. कणकेचं जाळं कमकुवत, म्हणून पावणेदोन पटीला थांबा. उभ्या भिंतीच्या डब्यात गोळा ठेवून बाहेरून रबरबँड लावला तर अंदाज चुकत नाही. २७-२८ अंशांना तास ते सव्वा तास लागतो, मुंबईच्या मे महिन्यात पाऊण तासही पुरतो. घड्याळापेक्षा गोळ्याकडे बघा.

गरम हवेत राहणाऱ्यांसाठी सगळ्यात खात्रीचा रस्ता फ्रीजचा आहे. ४ ग्रॅम यीस्ट घाला, मळल्यावर गोळा अर्धा तास बाहेर ठेवा, मग झाकून ८ ते १४ तास फ्रीजमध्ये. थंडीत यीस्ट हळू चालतं, एन्झाइम्सही मंदावतात, आणि कोंडा रात्रभर मुरतो. गार गोळ्याची वेणीही सुबक पडते. गुरुवारी रात्री मळून शुक्रवारी दुपारी भाजायचा, हे शब्बाथच्या वेळापत्रकातही चपखल बसतं, कारण सूर्यास्तानंतर स्वयंपाक करायचा नसतो.

वेणी

गोळ्याचं वजन ९७० ग्रॅमच्या आसपास भरेल. दोन भाग करा, प्रत्येकाचे तीन. एकेक पेड १६० ग्रॅमचा येईल. इथे वजन करायचा कंटाळा करू नका, पेड असमान असले की वेणी एका बाजूला कलते. भाग हलके गोल करून दहा मिनिटं झाकून ठेवा. जाळं सैल पडतं आणि पेड लांबवताना मागे आखडत नाहीत. मग प्रत्येक भाग हाताने चपटा करून घट्ट गुंडाळी करा आणि ती ३५ सेंटिमीटरपर्यंत लांबवा, मधे जाड, टोकांना निमुळती. ओट्यावर पीठ भुरभुरू नका, घसरतं आणि पेड लांबत नाही. तेलाचा पुसट हात पुरे.

तिपेडी वेणी सगळ्यांना येते. केसांची घालतो तशीच, फक्त मधून सुरू करायची: मधून एका टोकापर्यंत गुंफा, मग वेणी फिरवून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. आणि सैल गुंफा. केसांची वेणी घट्ट चांगली, पावाची नव्हे. भट्टीत पेड फुगतात, त्यांना जागा नसली की सांध्याशी फाटतात.

सहापेडीचं रूप वेगळंच, उंच आणि भरदार. ८० ग्रॅमचे सहा पेड वरच्या टोकाला एकत्र चिकटवा. सर्वात उजवा पेड उचला: दोघांच्या वरून, एकाच्या खालून, दोघांच्या वरून न्या. तो आता सर्वात डावा झाला. परत उजवा उचला, तेच करा, शेवटपर्यंत. प्रत्येक वेळी उजवाच, एवढं पक्कं ठेवलं की चूक होत नाही.

ज्यू नववर्षाला, रोश हशानाला, वेणीऐवजी एकाच लांब पेडाची गोल चकली वळतात. वर्षाचं चक्र त्यात पाहिलं जातं. मनुका घालायच्या तर त्या आधी भिजवून कोरड्या करा, कोरड्या मनुका गोळ्यातलं पाणी पितात.

वेण्या ट्रेमध्ये बटर पेपरवर ठेवा. उरलेला पांढरा भाग चमचाभर पाणी आणि चिमूट मीठ घालून फेटा आणि ब्रशने लावा, सांध्यांतही. पूर्ण अंडं लावलं तर रंग गडद येतो, पण कणकेचा पाव मुळातच तपकिरी असतो, पांढऱ्या भागाची चकाकी पुरते. झाकून ४० ते ५० मिनिटं ठेवा. फ्रीजमधला गोळा असेल तर सव्वा ते दीड तास.

भाजायला तयार झाला का? ओल्या बोटाने बाजूला हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू अर्धा भरला तर हीच वेळ. तसाच राहिला तर उशीर झाला आहे, लगेच भट्टीत घाला.

भट्टी

ओटीजी १९० अंशांवर किमान १५ मिनिटं आधी तापवा. दिवा विझला म्हणजे भिंती तापल्या असं नव्हे. पांढऱ्या भागाचा दुसरा हात द्या, तीळ किंवा खसखस लावा, आत ठेवा, तापमान १७५ वर आणा. ३० ते ३५ मिनिटं. मध आणि अंडं यांमुळे रंग लवकर येतो आणि फसवतो: विसाव्या मिनिटाला पाव झाल्यासारखा दिसतो, आत मात्र कच्चा असतो. तेव्हा वर फॉइल सैल झाका आणि पुढे भाजा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर पावाच्या मधोमध ९० ते ९२ अंश दिसले पाहिजेत. नसेल तर पाव उलटा करून तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा.

२५-३० लिटरच्या ओटीजीत एका वेळी एकच पाव भाजा. दोन दाटीवाटीने ठेवले की मधल्या बाजू फिक्या राहतात. पहिला भाजेपर्यंत दुसरी वेणी फ्रीजमध्ये थांबते. वरची कॉइल जवळ असेल तर सर्वात खालचा कप्पा वापरा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंख्याची हवा पृष्ठभाग लवकर वाळवते, तिथे १० अंश कमी ठेवा.

बाहेर काढल्यावर जाळीवर तासभर तसाच. गरम कापला तर गर चिकट लागतो, आणि कच्चा राहिला असं वाटतं. खरं तर आतला स्टार्च अजून स्थिर व्हायचा असतो.

"अंडं खात नाही, मग?"

मग पाण्याचा खल्ला करा. ही तडजोड नव्हे. अनेक सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या, ज्यूंच्या परंपरेत पीठ गोड आणि अंड्याचं झालं तर तो पाव राहत नाही, केकसारखा पदार्थ ठरतो आणि त्याची प्रार्थनाही बदलते. म्हणून त्यांच्याकडे शब्बाथचा पाव पाणी, मीठ, यीस्ट आणि थोड्या तेलाचा असतो. ५०० ग्रॅम कणकेला पाणी ३१० ग्रॅम भिजवायला आणि ३० वेगळं, तेल ५०, मध २५. अंड्यातली प्रथिनं भाजताना घट्ट होऊन पावाला आधार देतात आणि बलकातली चरबी गर मऊ ठेवते. ते नसल्यामुळे पाव थोडा कमी उंच होईल, दुसऱ्या दिवशी लवकर कोरडा पडेल. वरून तेलात चमचाभर मध आणि पाणी फेटून लावा.

"थोडा मैदा घातला तर काय बिघडलं?"

काहीच नाही. पहिल्यांदा करताय तर ३५० ग्रॅम कणीक आणि १५० ग्रॅम मैदा घ्या, भिजवायच्या पाण्यातलं २० ग्रॅम कमी करा. गोळा हाताला कसा लागायला हवा हे त्यात कळतं, मग मैदा कमी करत जा. बाजारात कोरडं ग्लुटेन पूड स्वरूपात मिळतं. ५०० ग्रॅमला एक मोठा चमचा घातलं तर पाव उंच होतो, पण जास्त घातलं तर रबरासारखा लागतो. भिजवणं नीट केलं तर त्याची गरज पडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

खपली गव्हाचा मोह अनेकांना होतो. खपलीचं ग्लुटेन सैल, ताणलं तर तुटणारं. त्याची खीर अप्रतिम, वेणी मात्र ट्रेवर पसरते. एक चतुर्थांशाहून जास्त घालू नका. आणि 'फुगायला मदत' म्हणून सोडा किंवा इनो अजिबात नको: साबणासारखी चव येते आणि दोन तासांच्या पावात त्याचा वायू कधीच उडून गेलेला असतो.

"एवढं करून पौष्टिक किती?"

शंभर ग्रॅम कणकेत तंतू साधारण ११ ग्रॅम, मैद्यात ३ ग्रॅमच्या आत. हा फरक मोठा आहे, पोट भरल्याची जाणीवही जास्त टिकते. पण यात मध आहे, तेल आहे, आणि गहू शेवटी गहूच. मधुमेह असलेल्यांनी तो पोळीसारखाच हिशोबात धरावा. ग्लुटेन ज्यांना वर्ज्य आहे त्यांच्यासाठी हा पाव नाही.

बिघडलं तर कुठे पाहायचं

तळाशी घट्ट, दाट पट्टा दिसला तर पाव कमी भाजला गेला किंवा दुसऱ्या वेळी पुरेसा फुगला नव्हता. पेडांच्या सांध्यावर पांढरट फाटलेल्या रेघा म्हणजे भट्टीत घालायची घाई झाली, किंवा वेणी घट्ट होती. पाव आडवा पसरला, वेणीचे पेड ओळखू येईनात, तर जास्त फुगला. पुढच्या वेळी दुसरा टप्पा दहा-पंधरा मिनिटं आधी थांबवा. गर कोरडा, भुगा पडणारा असेल तर दोषी बहुतेक वेळा पाणी, आणि त्यातही मळताना हाताला चिकटतं म्हणून वरून घातलेलं पीठ. कडवटपणा जाणवला तर आधी पिठाचा वास घ्या, ते खवट नाही ना. पीठ ताजं असूनही कोंड्याची चव आवडत नसेल तर भिजवायच्या पाण्यातलं ६० ग्रॅम काढून तेवढा संत्र्याचा रस घाला. संत्र्याची चव लागत नाही, कडवटपणा मात्र दबतो.

यीस्ट मेलेलं असेल तर वेगळंच दिसतं: पहिल्या तासात गोळा जराही हलत नाही. पाकीट उघडल्यावर यीस्ट घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. शंका असेल तर कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटांत फेस येतो का बघा, आणि पाणी मनगटाला गरम लागेल इतकं कधीच नको.

खल्ला सुती कापडात गुंडाळून डब्यात दोन दिवस चांगला राहतो. फ्रीजमध्ये ठेवू नका. शिजलेला स्टार्च फ्रीजच्या थंडीत सर्वात वेगाने कडक होतो, फ्रीजमधला भात टणक होतो तसा. फ्रीजर मात्र चालतो: काप करून, दोन कापांमध्ये बटर पेपर ठेवून पिशवीत बंद करा, लागतील तेवढे काढून थेट तव्यावर मंद आचेवर गरम करा.